दिल्लीचा लखोटा

लाडकीनं आयुष्यात कशावरच विश्वास ठेवला नाही असं म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. मिठावर ठेवला. अंगणवाडीत नोकरीला लागली तेव्हा पोरांचं वजन करायला सरकारनं काटा पाठवला होता. तो तिनं पहिल्याच दिवशी एक किलो मिठाची पुडी टांगून तपासला आणि काटा पन्नास ग्रॅम खोटा निघाला. तेव्हापासून तिनं ठरवून टाकलं की सरकार असो, दुकानदार असो नाहीतर घरचा माणूस, आधी मीठ टांगून बघायचं. मासवणजवळच्या डोंगरीपाड्यावर तीस वर्षं अंगणवाडी चालवून ती रिटायर झाली, पण ही सवय काही रिटायर झाली नाही.

नवरा मात्र अगदी उलट मिळाला. गोमा मास्तर मिशनचा धर्मशिक्षक. सायकल मारत पाड्यापाड्यावर जायचा, पोरांना प्रार्थना शिकवायचा, फादर येऊ शकले नाहीत तर रविवारी चार वचनं वाचून दाखवायचा आणि मयत झालं की सगळ्यांच्या आधी पोचायचा. कोणी काहीही सांगितलं तरी त्याला ते खरंच वाटे. बैल विकणारा म्हणाला की बैल गरीब आहे, की झाला बैल गरीब. तो बैल पुढे तीन माणसांना शिंगावर घेऊन गेला, तरी मास्तर म्हणे की त्याला कोणीतरी डिवचलं असणार. अशा माणसाबरोबर संसार करायचा तर एकानं तरी डोळे उघडे ठेवायला हवेत, हे लाडकीचं म्हणणं होतं आणि त्यात तथ्यही होतं.

या दोघांच्या घरात खरपड्यांचा कमलेश तीन वर्षं राहिला. त्याचा बाप वीटभट्टीवर जायचा आणि आला की दारू पिऊन बायकोला मारायचा. आई वारली तेव्हा पोरगं नऊ वर्षांचं होतं. मास्तरनं हात धरून घरी आणलं आणि लाडकीनं त्याला आपल्या रूपेशबरोबर जेवायला बसवलं. पुढे तो मिशनच्या बोर्डिंगात गेला, तिथून सेमिनरीत, आणि एके दिवशी कापणी झालेल्या शेतात मांडव घालून बिशपांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले, तेव्हा तो पाड्याचा पहिला फादर झाला. आधी डोंगरातल्या मिशनवर, मग बोईसरच्या चर्चमध्ये दहा वर्षं. तिथं कंपन्यांत काम करणारे झारखंडचे, ओडिशाचे, केरळचे लोक. त्यांच्या पाळ्या बघून तो हिंदीतली मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ठेवायचा आणि कोणी कामावर मेलं तर ठेकेदाराच्या दारात जाऊन बसायचा. मग बिशपांनी त्याला जवळ बोलावलं आणि धर्मप्रांतात आपल्या खालोखालचा माणूस केलं. लाडकीला त्याचा अभिमान होता. तरी तो घरी आला की ती आधी त्याच्या चपलांकडे बघायची, महागाच्या तर नाहीत ना म्हणून.

सात वर्षांपूर्वी, भात कापणीच्या दिवसांत, पोस्टमन बळवंत अंगणात सायकल लावून म्हणाला की मास्तर, सही करा, दिल्लीचं रजिस्टर आलंय. जाडसर पांढरा लखोटा होता आणि त्यावर एकावर एक तिरक्या ठेवलेल्या दोन किल्ल्यांचं चित्र होतं. मास्तरनं पडवीत बसून तो फोडला, वाचला, परत घडी घातली आणि सदऱ्याच्या आत सारला. लाडकीनं विचारलं, काय आहे? तो म्हणाला, मिशनचं काम. बस. पस्तीस वर्षांत या माणसानं रेशनकार्डापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत एकही कागद तिला दाखवल्याशिवाय ठेवला नव्हता. आणि आता लखोटा पेटीत गेला, पेटीला कुलूप लागलं, आणि कुलपाची चावी मास्तरच्या गळ्यातल्या क्रुसाशेजारी लोंबू लागली.

त्या वर्षी पाड्यावर असले लखोटे म्हणजे एकच गोष्ट होती. नदीकडून नवा रस्ता जाणार म्हणून खांब रोवले गेले होते आणि मोजणीवाले फिरत होते. शेजारच्या वामननं घरात न सांगता जमिनीच्या कागदावर सही केली होती, आणि त्याच्या बायकोला ते कळलं तेव्हा शेतात पोकलेन उभा होता. लाडकीच्या नावावर नदीकडचा सव्वा एकर होता, तिच्या बापानं दिलेला, वर्षाचं भात पिकवणारा. पाकिटावर किल्ल्या, म्हणजे घरं बांधणारे. घरं बांधणारे म्हणजे जमीन. दिल्ली म्हणजे सरकार. तिनं सगळं असं जुळवलं.

त्यात आठवडाभर आधीच कमलेश फादर जीप घेऊन आला होता. बरोबर शहरातले दोन शर्टपँटवाले. तिघंही तिच्याच बांधावरून चालत गेले, थांबले, हात करून काहीतरी दाखवत होते. घरी येऊन चहा प्याले पण कशाला आलो ते बोलले नाहीत. लाडकीनं त्या दिवशी ते मनात ठेवून दिलं होतं, आता काढलं. म्हणजे हे दोघं मिळालेले आहेत तर. ज्याला तीन वर्षं ताटात वाढलं त्याचा आपल्या ताटावर डोळा, असं तिला वाटलं आणि ती चुलीपुढं बसून रडली. मग डोळे पुसून तलाठ्याकडे गेली आणि सातबारा काढून आणला. त्यावर तिचं नाव ठळक होतं. तेवढ्यानं समाधान होईल ती लाडकी कसली? आज आहे, उद्याचं काय, असं म्हणत तिनं तो उशीखाली ठेवला.

मास्तर दोन दिवस पडवीत कागद मांडून बसला. लिहायचा, थांबायचा, समोरच्या आंब्याकडे बघायचा. ती जवळून गेली की कागदावर प्रार्थनेचं पुस्तक ठेवायचा. आणि मधेच विचित्र प्रश्न विचारायचा. कमलेशच्या घरात कोणाला वेडाचा आजार होता का गं? त्याला राग लवकर येतो का? पोरगा असताना खोटं बोलायचा का? लाडकी सूप बाजूला ठेवून उभी राहिली. बायकोच्या जमिनीवर सही करायच्या आधी हा भागीदाराची चौकशी करतोय, असं तिला वाटलं. ती म्हणाली, "मास्तर, माना कशाला विचारता? लिवा ना काय लिवायचं ते." मास्तर हळूच म्हणाला की तुझ्याइतकं त्याला कोणी जवळून पाहिलेलं नाही, म्हणून विचारतो.

इथं लाडकीनं आयुष्यातलं एकमेव मोठं खोटं उच्चारलं. लहानसहान खोटं तीही बोलायची, नाही असं नाही, पण हे वेगळं होतं.

"लबाड हाय तो," ती म्हणाली. "आयला मारलंन त्यानं. मी डोल्यांनी पायलंय."

खरं तर तिनं उलटंच पाहिलं होतं. बापानं लाकूड उगारलं आणि आठ वर्षांचं पोर आईच्या पुढं उभं राहिलं. त्याच्या कपाळावरचा व्रण अजून दिसतो. पण संतापाच्या भरात तिच्या जिभेवर आलं ते हे आलं.

मास्तरनं पेन खाली ठेवलं. "खरं सांगतेस?"

"आन हाय."

"लाडके, खरं सांगतेस?"

तिनं पुन्हा आन घेतली. मास्तरनं पेनाला टोपण घातलं आणि संध्याकाळपर्यंत आंब्याकडे बघत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं उरलेलं लिहून काढलं.

तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून तो पालघरला निघाला. मासवणला पोस्ट असताना पालघर कशाला? लाडकीनं पाच मिनिटं जाऊ दिली, डोक्यावरून पदर ओढला आणि मागच्या रिक्षात जाऊन बसली. तहसील कचेरीकडे वळला की तिथंच हात धरायचा, असा तिचा बेत होता. मास्तर कचेरीकडे वळला नाही. सरळ मोठ्या पोस्टात गेला, रांगेत उभा राहिला आणि तो लखोटा देऊन आला. लाडकी समोर शहाळीवाल्याच्या गाडीआड उन्हात उभी होती. बाहेर येऊन मास्तरनं इकडे तिकडे पाहिलं, कोपऱ्यावरच्या गाडीवर दोन वडापाव घेतले, एक उभ्याउभ्या खाल्ला आणि दुसरा कागदात बांधून घेतला.

ती धावतपळत त्याच्या आधी घरी पोचली आणि जणू सकाळपासून तिथंच बसली आहे अशी भात पाखडत बसली. मास्तर आला, पुडी तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "खा. भूक लागली असंल." घरात बसलेल्या बाईला कसली भूक, ती मनात म्हणाली. इतक्या वर्षांत या माणसानं तिच्यासाठी बाहेरचं काही आणलं नव्हतं. आज आणतोय म्हणजे मन खातंय. तिनं पुडी सोडली आणि त्याच्या देखत तो वडापाव कोंबड्यांना टाकला. मास्तरनं ते पाहिलं आणि हातपाय धुवायला गेला.

जमिनीला काही झालं नाही. रस्ता दुसऱ्या बाजूनं गेला. वर्षभरानं धर्मप्रांताला नवे बिशप आले, ते बाहेरच्या शहरातले, आणि पाड्यावर कोणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर फिलोमिना लाडकीच्या अंगणात चहा पीत सहज म्हणाल्या की आपले फादर कमलेशही त्या तिघांत होते म्हणे, कुठं अडलं कोण जाणे. लाडकीनं विचारलं, कोण तीन? मग सिस्टरांनी तिला ती रीत सांगितली. बिशप नेमायचा असला की आधी तीन नावं निघतात. पोपचे राजदूत दिल्लीत असतात, ते त्या तिघांना ओळखणाऱ्या लोकांना गुपचूप पत्रं पाठवतात: हा माणूस खरं बोलतो का, रागीट आहे का, घरात काही आजार आहे का. पत्र आलेल्या माणसानं कोणाला सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही. उत्तराबरोबर ते पत्रही परत धाडायचं, नक्कल ठेवायची नाही.

"त्या पाकिटावर काय असतंय, सिस्टर?"

सिस्टरांनी हातातल्या प्रार्थनेच्या पुस्तकाचं कव्हर वळवून दाखवलं. पोपचं चिन्ह, त्या म्हणाल्या. दोन किल्ल्या होत्या.

लाडकीच्या हातातला चहा निवून गेला. मास्तर कुंपणाला काटे बांधत होता. ती तशीच त्याच्यापाशी गेली आणि विचारलं, "मी सांगितलं ते तुमी लिवलंत?" मास्तरनं तिच्याकडे पाहिलं. लखोटा कसला होता ते हिला कळलंय, हे त्यानं ओळखलेलं तिला दिसलं. तो म्हणाला, "काय इचारू नको. माना सांगता येत नाय." आणि पुन्हा काटे बांधू लागला. त्या दिवसापासून तिनं त्याला नाना परीनं विचारलं. रागावून, लाडीगोडी लावून, कुमसाराला बसून फादरपुढं सगळं कबूल करून टाकीन अशी धमकी देऊन. तो हसायचा आणि हातातलं काम करत राहायचा. दोन पावसाळ्यांनी तो सायकलवरून येता येता वडाखाली बसला आणि तिथंच गेला. पुरायला कमलेश फादर आला होता. मातीची मूठ टाकताना तो पोरासारखा रडला, आणि लाडकीला त्याच्या कपाळावरच्या व्रणाकडे बघवेना.

मास्तर सगळ्यांवर विश्वास ठेवायचा, मग माझ्यावर ठेवलाच असणार. हे तिच्या मनात एकदा बसलं ते बसलंच. त्या बैलवाल्यावर ज्यानं ठेवला, तो बायकोच्या आणेवर ठेवणार नाही? म्हणजे त्यानं लिहिलं. म्हणजे दिल्लीत कुठल्यातरी कपाटात कमलेशच्या नावापुढं आईला मारणारा असं लिहून पडलं आहे, तिच्या तोंडचं. तो जीपमधून शहरातल्या दोघांना घेऊन आला होता ते पाड्याच्या पाण्याच्या टाकीसाठी जागा बघायला, हेही पुढे कळलं. टाकी मिशनच्या जागेत उभी राहिली. लाडकी रोज तिथं हंडा भरायची आणि रोज तिला तेच आठवायचं.

बाहेरून आलेले बिशप आजारी पडले आणि गेल्या पौषात त्यांनी पद सोडलं. महिनाभरानं बळवंतनं अंगणात गाडी लावली. आता तो मोटारसायकलवर येतो. म्हणाला की लाडकीबाय, सही करा, दिल्लीचं रजिस्टर आहे. नाव तिचंच होतं. किल्ल्या त्याच होत्या.

पत्र इंग्रजी होतं आणि सोबत मराठी भाषांतराची तीन पानं होती. ती तिनं माजघरात दार लावून वाचली. फादर कमलेश खरपडे यांना आपण लहानपणापासून ओळखता असे समजते. त्यांच्या स्वभावाविषयी, सत्यनिष्ठेविषयी, कुटुंबाविषयी आपल्याला जे माहीत आहे ते प्रामाणिकपणे लिहावे. हे कोणालाही सांगू नये. तिनं पत्र पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि चावी गळ्यात घातली. चावी क्रुसावर वाजली तेव्हा तिला मास्तरचा इतका राग आला आणि इतकी दया आली की ती पेटीवरच बसून राहिली.

मुलगा रूपेश बोईसरला कंपनीत फिटर आहे. पाळीवरून आला तेव्हा सून दीपानं त्याच्या कानात सांगितलं की आयला दिल्लीचं पाकीट आलंय आणि ती दाखवत नाही. रूपेशनं विचारलं. लाडकी म्हणाली, मिशनचं काम आहे. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. रूपेश ओरडला नाही, पण त्या दिवसापासून जेवताना तिच्याकडे बघेना. नवं बंदर होणार म्हणून खाली किनाऱ्याकडे जमिनींचे भाव चढले होते आणि दलाल आता मासवणपर्यंत येत होते. त्यानं सुट्टी टाकली, तलाठ्याकडे गेला आणि सव्वा एकराचा सातबारा घेऊन आला. लाडकीनं तो त्याच्या खिशात पाहिला. जन्माला घातलेल्या पोराच्या डोळ्यांत आपल्याविषयी संशय बघणं कसं असतं ते तिला तेव्हा कळलं, आणि मास्तरनं ते कसं सोसलं असेल या विचारानं तिनं ताट बाजूला सारलं.

लिहायला बसली तर पेन पुढं जाईना. पोराचं चांगलं लिहिणं सोपं होतं. तो खोटं बोलत नाही, हट्टी आहे, चपला साध्या वापरतो. पण ती गोष्ट लिहायची की नाही? मास्तरनं लिहिली असेल तर आपण गप्प बसून चालणार नाही. आणि नसेल लिहिली, तर आपणच हातानं घाण उकरून दिल्लीला धाडायची? जे कोणाच्या ध्यानीमनी नाही ते त्यांच्या ध्यानात आणून द्यायचं? तिनं चार दिवस दोन्ही बाजूंनी मीठ टांगून पाहिलं. काटा हलेना. पाचव्या दिवशी तिनं एका दमात लिहिलं: "सात वर्षांमागे माझ्या नवऱ्याला मी सांगितलं की कमलेशनं आईला मारलं. ते खोटं होतं. मला जमिनीचा संशय आला होता म्हणून मी रागानं बोलले. त्यानं आईला मारलं नाही, आईसाठी मार खाल्ला. माझ्या नवऱ्यानं तसं लिहिलं असेल तर तो दोष त्याचा नाही, माझा आहे." खाली सही केली आणि अंगणवाडीच्या सवयीनं तारीख घातली.

कमलेश बिशप झाल्याची बातमी चार महिन्यांनी आली. चर्चच्या घंटा वाजल्या, पाड्यावर मांडव पडला, नव्या बिशपांची अंगठी ओठांना लावायला रांग लागली आणि लोक म्हणाले की आमच्या मातीचा माणूस. पण लाडकीच्या मनातला निकाल त्याच्या आधीच, ती पत्र घेऊन पालघरला गेली त्या दिवशी लागला होता.

मासवणच्या पोस्टात टाकलं असतं तर बळवंतनं वाचलं नसतं, पण तिचा विश्वास नव्हता. म्हणून पालघर. मोठ्या पोस्टाच्या रांगेत तिचा नंबर आला, लखोटा खिडकीतून आत गेला, पावती हातात आली. पायरीवर येऊन तिनं सवयीनं इकडे तिकडे पाहिलं. समोर शहाळ्यांच्या गाडीआड एक बाई उभी होती, तोंडावर ओढणी बांधून. ओढणी बांधली तरी दीपाच्या चपला लाडकी ओळखणार नाही? बिचारी उन्हात उभी होती, घाम पुसत होती आणि आपण दिसत नाही अशी तिची खात्री होती.

लाडकी पायरीवरच थांबली. मास्तरही इथंच थांबला होता. त्यानंही असंच इकडे तिकडे पाहिलं होतं, आणि मग कोपऱ्यावर जाऊन दोन वडापाव घेतले होते. खा, भूक लागली असंल.

त्यानं तिला पाहिलं होतं. ती मागं आली आहे, तिला जमिनीचा संशय आहे, हे सगळं त्या माणसाला ठाऊक होतं. ज्याला एवढं ठाऊक होतं त्याला ती आन कसली होती हेही कळलं असणार, म्हणून तर त्यानं दोनदा विचारलं होतं. त्यानं ते लिहिलं नव्हतं. सगळ्या जगावर विश्वास ठेवणाऱ्या त्या भोळ्या माणसानं एकदाच एका माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, आणि तेही तिला शिक्षा म्हणून नाही. आणि तिनं मात्र इतकी वर्षं, तो मेल्यावरसुद्धा, त्याच्यावर हा शेवटचा संशय सांभाळून ठेवला होता. पोस्टाच्या दारात, माणसं आजूबाजूनं जात असताना, लाडकी तोंडाला पदर लावून रडली.

मग ती कोपऱ्यावर गेली आणि दोन वडापाव घेतले. गाडीआड जाऊन त्यातला एक तिनं दीपापुढं धरला. दीपाचा चेहरा पांढरा पडला. ओढणी खाली करत ती म्हणाली, "आय, कशावर सही केलीस? खरं सांग."

"माना सांगता येत नाय," लाडकी म्हणाली. "तू आधी खा. इतं उभ्यानंच खा. घरी नेल्यावर कोंबड्यांना जातो."